चाळीसपैकी दोन

चाकणजवळच्या एका वाहन चाचणी केंद्रात सिम्युलेटरच्या पडद्यावर जे गाव दिसतं, त्या गावाने मंगळवारी केंद्राच्या अहवालावर हरकत घेतली.

वैजयंता शेलार सिम्युलेटरच्या गाडीत बसून घाटातल्या ओल्या वळणाशी आली, तेव्हा पडद्यावरचे सरपंच गेनूभाऊ हात वर करून रस्त्यात उभे होते. तिने गाडी थांबवली. चौदा वर्षं तिचं काम एकच: वळणावर गाडी मुद्दाम घसरवायची आणि आतली यंत्रणा ती आपोआप सावरते का, ते बघायचं. गावात माणसं राहतात हे तिला ठाऊक होतं. ती बोलतात कशी, याचं मात्र भारी कुतूहल होतं. गेनूभाऊंचा आवाज जरा बसका निघाला.

"ताई, चाळीस येळा घसरलात. अडतीस येळा गाडी सावरली, कौतुक हाय. पर दोन येळा सोनाक्काच्या अंगणात शिरली. आक्का कुरडया घालत व्हती. तुमच्या सायबांनी तरीबी उत्तीर्ण लिवलं."

ते दोन वैजयंतालाही खुपत होते. पण गाडी चालवणारीला विचारतो कोण?

तिने हरकत मोघे साहेबांपुढे ठेवली. पुढच्या महिन्यात ही यंत्रणा खऱ्या गाड्यांत बसायची होती.

"पंचाण्णव टक्के आहेत की. आणखी काय हवंय त्यांना?"

"त्यांच्या गावची रीत आहे, साहेब. विहिरीचा दोर ज्याने वळला, त्यानेच आधी उतरायचं. सही करणाऱ्याने अंगणात उभं राहावं म्हणतात."

साहेबांनी नियमावली चाळली. मनाई कुठेच नव्हती. त्यांनी फिरतीचा अर्ज भरला, सिम्युलेटरच्या खोलीचा शिरस्ता म्हणून बूट काढले आणि नुसत्या मोज्यांनी पडद्यात शिरले. सोनाक्काने जागा दाखवली. "हितं. मी हितंच बसती."

वैजयंताने ऐंशीचा वेग घेतला, कारण चाचणीचा वेग तेवढाच ठरलेला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिला भीती वाटली. गाडी घसरली, यंत्रणेने एकेका चाकाचा ब्रेक आवळला, आणि गाडी साहेबांसमोर थांबली.

गेनूभाऊंनी वाकून अंतर मोजलं. "दीड वीत. म्हंजी सावरली. एकोणचाळीस झाले, सायेब."

टक्केवारी वाढली होती. साहेबांनी अहवाल बॉनेटवर ठेवला, बॉनेटपासून आपल्या मोज्यांपर्यंतची दीड वीत पाहिली, 'उत्तीर्ण' खोडून 'अनुत्तीर्ण' लिहिलं आणि सही केली. गेनूभाऊंनी खाली गावाचा शिक्का मारला. मग सोनाक्काने साहेबांना बसायला पाट दिला.