बावन्न पायांच्या दाखल्याची मोहीम

तथागतांस वंदन आणि बाबासाहेबांस जयभीम करोन, वैनगंगेचे अलीकडील व पलीकडील समस्त मुलखास वर्तमान विदित केले जाते ऐसे जे : धम्मदीक्षेपासोन वर्ष अडुसष्टावे, महिना आषाढ, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, ऐन भरांत, ते समयी कुरखेडे तालुक्यातील मौजे चिचेटोला येथे जे युद्ध जाहले त्यांत तोफ उडाली नाही, घोडा दौडला नाही, चिखल मात्र पुष्कळ उडाला. हे युद्ध दाखल्याचे. विद्वान लोक रोगराईवर कागद लिहोन छापवितात, आणि ज्याच्या ज्याच्या लिहिण्याचा आधार घेतला त्याचे नाव कागदाचे शेपटीस देतात. ऐसे नाव येणे यास दाखला म्हणावे. ज्याचे पदरी दाखले फार, तो विद्वानांत सरदार. ज्यास एकही नाही, त्यास दरबारी सतरंजीवरही जागा नाही. हा मुलूखच तैसा आहे, त्यास इलाज नाही.

आमचे बाजूस सेनापती खासा सत्यशीलाबाई देवाजी उंदीरवाडे. वय सासष्ट, शिक्षण तिसरी, तेही मास्तराची बदली जाहली म्हणोन सुटले, बाईंचे अंगी काही कमी होते म्हणोन नव्हे. बचत गटाच्या अध्यक्षा बारा वर्षे. निवडणूक एकदाच जाहली, पुढे कोणाची छाती जाहली नाही. यजमान देवाजी, स्वभावे गरीब गाय, उजवा पाय हत्तीपायाने गुडघ्याखाली केळीच्या खांबासारखा, वीस वर्षांत धानाचे बांधीत, म्हणजे बांधाआतल्या शेतात, पाऊल नाही. या रोगास विद्वान लोक ‘दुर्लक्षित’ म्हणतात. बाईंनी हे प्रथम ऐकले तेव्हा हातातले सूप खाली ठेवोन त्या विचारत्या जाहल्या, ऐसे की, “मी तं रोज पायतो त्या पायाकडं. मंग दुर्लक्ष कोनाचं झालं?”

बाईंची कन्या माधवी, गडचिरोलीस राहोन याच रोगाचा शोध करणारी. तिने आईस शिंप्याची फीत आणि एक वही दिली आणि विनंती केली की, गावातील एकतीस माणसांचे बावन्न सुजरे पाय दर पंधरवड्यास मोजोन वहीत मांडावे. बाईंनी तीन वर्षे मोजले, एक खेप चुकविली नाही, ताप अंगात असता मोजले, सोयऱ्याचे लग्न टाकोन मोजले. गड्यांचे पाय सकाळी मोजावे ऐसा दंडक पडला, कारण चहा येईस्तोवर गडी ओट्यावर बसोन असतो, पाय आयता सापडतो. बायांचे पाय सांजेस, कारण सकाळी बाईमाणसास चूल, पाणी, शेण, डबा, ती एके जागी उभी राहील तेव्हा ना पाय मोजणार. मग त्या दिवसभर वाकोन रोवणा करोन परतत, बाईंचे अंगणात चिखल धुवीत आणि मोजवून घरी जात. यांत काही वावगे आहे हे चिचेटोल्यात कोणाचे मनातही आले नाही.

माधवीने त्या वहीवरोन कागद लिहिला आणि एका लहान पत्रिकेत छापविला. त्यांत एक ओळ घातली की, गड्यांचे व बायांचे मोजण्याची वेळ निराळी, सबब दोहोंची तुलना कोणी करो नये. ही ओळ आईस वाचोन दाखविली नाही. कन्येस जीव प्यारा होता. कागद छापोन दोन वर्षे लोटली. दाखले शून्य. माधवी रोज संगणक उघडोन पाहे, जैसे कोणी बंद विहिरीत डोकावे, आणि शून्य ते शून्यच.

इतक्यांत गनीम उठला. दूर शहरीचे एक मातब्बर प्राध्यापक, पदव्यांचा लवाजमा मोठा. त्यांचे नाव या बखरीत घालो नये ऐसा बाईंचा हुकूम आहे, कारण त्यांनी आमचे नाव घेतले नाही, तर आम्ही त्यांचे घेत नाही. या प्राध्यापकांनी विलायतेचे थोर पत्रिकेत कागद छापविला. त्यांत एकतीस माणसे, बावन्न पाय, आकडे जैसेचे तैसे, टिंबासुद्धा. वेळेची ओळ तेवढी गाळली, चिचेटोल्याचे नाव गाळले, माधवीचे गाळले, आणि सिद्धांत मांडला की, झाडीपट्टीतील बायांचे पायांस हा रोग गड्यांहून कितीतरी जड जातो, हा त्यांचे देहाचाच दोष. मग काय विचारता! एका वर्षात त्या कागदास एकशे चाळीस दाखले. एकाने दुसऱ्याचा पाहोन दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि ज्या पायांवर ही इमारत उभी राहिली ते पाय इकडे बांधीतल्या चिखलात.

एवढ्यावर राहते तरी बाईंनी पोटात घातले असते. परंतु वरचे एका कचेरीत तो कागद पोचला, आणि फर्मान सुटले की, हत्तीपायाचे रोग्यांस पाय धुण्याचा जो सरंजाम मिळतो, म्हणजे टप, मग, साबण, टॉवेल आणि मलम, तो या वर्षी फक्त बायांस द्यावा. हा सरंजाम वाटण्याचे शिबिर भरले ते दिवशी देवाजी काठी टेकीत कोसभर गेले आणि रिते हाती परतले. मलम नाही, साबण नाही, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेल्या, आणि चीर पडली की ताप चढे, ताप उतरला की सूज वाढलेली दिसे. ओट्यावर बसोन म्हणाले, “फक्त बायांले भेटते म्हने यंदा. माह्या पायाले कोनं इचारलंच नाई.” शेजारच्या सुगंधाबाईंस टप मिळाला होता. तिने तो पदराआड झाकोन नेला. इतकी लाज तिने चोरीचा बकरा नेता धरली नसती.

माधवी धावोन आली आणि दोन्ही कागद ताडोन आईपुढे मांडिले. बाईंचा क्रोध अनावर जाहला. हुकूम सुटला की, पत्रिकेचे संपादकास खलिता जावा, बावन्न पाय आमचे आहेत, सिद्धांतही आमचाच आहे, आमचे नाव घालावे. माधवीने लेखणी उचलली नाही.

बाई बोलिल्या, “काऊन लिहत नाई? पाय मीच मोजलो ना?”

“आई, नाव मागू. पन सिद्धांत आपला नाई. तो चूक हाये.”

“म्हंजे?”

“पाय दिवसभरात सुजत जाते. सकाळी कमी, सांजीले जास्त. तू गड्यांचे सकाळी मोजली आन बायांचे सांजीले. म्हनून बायांचे मोठे दिसले. तेवढंच.”

बाईंनी फीत उचलली, गुंडाळली, पेटीत टाकली आणि कन्येस म्हणाल्या, “तीन वर्स मोजलो मी. तवा तोंडात मूग होते का तुह्या?” आणि तीन दिवस मायलेकींचे दळणवळण बंद पडले. भाजीत मीठ कमी पडले तरी माधवीने मागितले नाही.

चौथे दिवशी बाई उठल्या, पेटीतून फीत काढली आणि कोणास न सांगता यजमानांचा पाय मोजला. एकेचाळीस सेंटीमीटर. मग देवाजी दिवसभर ओट्यावर घराचे राखणीस बसोन राहिले आणि दिवस कलता बाईंनी पुनः मोजला. चव्वेचाळीस. बाईंस वाटले फीत ताणली गेली. दुसरे दिवशी पुनः, एकेचाळीस आणि चव्वेचाळीस. तिसरे दिवशीही तेच.

देवाजी म्हणाले, “तीन दिस झाले, माहा पायच मोजून राह्यली. का झालं?”

बाई म्हणाल्या, “काई नाई. तुमचा पाय खोटं बोलत नाई, एवढंच पायलो.” आणि सैपाकघरात गेल्या. जो सेनापती वाघास पाठ दाखविता ना, तो त्या दिवशी चुलीकडे तोंड करोन बराच वेळ बसला, हे लिहिणे भाग आहे, कारण बखरीत खोटे लिहो नये.

मग मसलत जाहली. माधवीने अबोल्यातच संपादकास लिहिले होते की आकडे आमचे आणि सिद्धांत चूक, त्याचा उलट खलिता आला तो ऐसा की, आकडे सारखे आले हा योगायोगही असो शकतो. सिद्धांत चूक आहे हे सिद्ध करोन दाखवाल तर छापो. तेव्हा बाईंनी फर्मान काढिले : बावन्न पाय पुनः मोजावयाचे, प्रत्येक पाय सकाळी एकदा आणि सांजेस एकदा, दहा दिवस. सांजेचे सोपे. परंतु सकाळी बायांनी बसावे तर त्यांचे काम कोण करील? फर्मानाचे दुसरे कलम : जोवर घरच्या बाईचे पाय मोजोन होत नाहीत, तोवर चूल गडी पेटवील, पाणी गडी भरील, शेण गडी काढील.

या कलमावर जो गदारोळ जाहला तो वर्णिता लेखणी थकेल. मुखरू नामे गडी, सुगंधाबाईंचा नवरा, मिशीचा मोठा, चौकात उभा राहोन गर्जला की रोवण्याचे दिवसांत हे थेर चालणार नाहीत. बाईंनी त्यास एवढेच विचारले, “मुखरूभाऊ, तुमचा बी डावा पाय यादीत हाये ना? टप पायजे का नको?” मुखरू चुलीकडे वळला.

पहिले दिवशी धुराने गाव झाकोळला. कोणाचा चहा जळला, कोणाची भाकर तव्यास चिकटोन बसली, मुखरूने ओले सरपण घातले आणि डोळे पुसत बाहेर आला तेव्हा सुगंधाबाई ओट्यावर पाय सोडोन बसली होती आणि म्हणत होती, “थोडा फुका ना जोरानं, फुकनी तं हातातच हाये.” तीस वर्षांत सकाळचे प्रहरी ती बसलेली कोणी पाहिली नव्हती. माधवी वही धरी, बाई फीत लावीत आणि प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहवीत. तिसरे दिवशी पावसाने झोडपले, सहावे दिवशी नाल्यास पूर येवोन दोघी बाया पलीकडे अडकल्या, तर बाई साडी खोचोन कमरेएवढ्या पाण्यात उतरोन त्यांचे पाय मोजोन आल्या. दहावे दिवशी मोजदाद पुरी जाहली. सकाळचा बायांचा पाय आणि सकाळचा गड्यांचा पाय, फरक काडीचा नाही. रोग सर्वांस सारखा. सांजेस सर्वांचेच सुजलेले, श्रम तेवढे बायांचे जास्त.

माधवी खलिता लिहो लागली. आईची अब्रू राखावी म्हणोन लिहिले की, काही कारणास्तव मोजण्याच्या वेळा निराळ्या पडल्या. वाचोन दाखविता बाई कडाडल्या, “काही कारणास्तव म्हंजे कोन? कारणाले नाव नसते का? लिही, ही चूक सत्यशीला देवाजी उंदीरवाडे, राहनार चिचेटोला, हिची. पूरं लिही.”

“आई, जगभर वाचते लोकं.”

“वाचू दे. त्या शहरातल्या मास्तरानं माहे पाय नेले, नाव सोडलं. आता चूक नेऊन दाखव म्हना त्याले नावाशिवाय.”

खलिता सातासमुद्रापार गेला, पाच महिने गहाळ राहिला, तीन परीक्षकांचे हाताखालोन निघाला. एकाने विचारिले की सत्यशीला उंदीरवाडे ही कोणत्या संस्थेची, तर बाईंनी कळविले की माहेर पोर्ला, सासर चिचेटोला, तिसरी संस्था नाही. अखेर छापला. प्राध्यापकांचे कागदास दुरुस्तीचे पत्र जोडले गेले, शेपटीस माधवीचे नाव आणि चिचेटोल्याचे नाव आले, आणि तेव्हापासोन जो कोणी तो कागद उचली त्यास बाईंची चूकही उचलावी लागे. वरचे कचेरीने जुने फर्मान रद्द केले, कारण लिहिले नाही.

येणेप्रमाणे धम्मदीक्षेपासोन वर्ष एकोणसत्तरावे, चैत्र मास, देवाजी उंदीरवाडे यांस टप एक, मग एक, साबण, टॉवेल, मलम सही घेवोन मिळाले. बाईंनी पाणी ओतले. देवाजींनी पाय आत घातला आणि बोलिले, “थंड हाये वो, माधवीची आई.” बाईंनी जबाब दिला, “जगभर फिरून आलं, थंड होईन नाई तं का? हलू नका.” आणि एकेक बेचका साबणाने धुवोन, टॉवेलाने टिपोन, मलम लाविले.

याउपर दफ्तरी नोंद ऐसी : खलित्यास आजमितीस दाखले अडतीस. पैकी चिचेटोल्यास येवोन पाय पाहिलेला, एकही नाही. तथापि पाय धुतला गेला, सबब फत्ते लिहिली असे.