बारा चहांची परीक्षा

इंगळे सर चहा पिऊन परीक्षा घेत. मोताळ्याला आमच्या हायस्कुलात ते सुतारकाम शिकवत. वर्षाअखेर प्रत्येक मुलानं एक स्टूल करायचं, तेही एकही खिळा न मारता. मग समोरच्या हॉटेलातून किटली येई. सर त्या स्टुलावर बसत, काठोकाठ भरलेली कपबशी मांडीवर ठेवत, आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकत. बशीत थेंब पडला नाही तर मुलगा पास. मग तो चहा संपवायचाच, कारण पास झालेल्याचा चहा टाकणं म्हणजे त्याचा अपमान. बारा मुलं, बारा चहा. पुढच्या दोन रात्री सर टक्क जागे.

काहीही डुगडुगलेलं त्यांना सोसत नसे. कोटाच्या खिशात लाकडाच्या पाचरी कायम असत. हॉटेलातलं टेबल असो की लग्नातला पाट, सर वाकलेच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांशी बोलता बोलता ते टेबलाखाली शिरले. साहेबांनी दचकून पाय वर घेतले. खालून आवाज आला, "बसा साहेब, पाय तुमचा नाही, टेबलाचा आखूड हाये."

खिळ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "खिळा म्हंजे लाच," असं म्हणत. घरी ते एकटेच. पण खोलीत चार स्टुलं मांडलेली. काऊन चार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "येतीन कोणी तरी."

मी संस्कृत शिकवायचो, म्हणून मला ते पंडितजी म्हणत. आठवीत सुतारकाम घेतलं की संस्कृत सुटायचं, त्यामुळे आमची कायम ओढाताण. तुमच्या विषयावर बसता येते का, हा त्यांचा ठरलेला टोमणा.

एका वर्षी सुतारकामाकडे मुलं कमी वळली. वर्ग टिकायला आठवीची दहा नावं हवी होती. फॉर्म माझ्याकडे होते. नऊ नावं जमली होती, आणि दहावं माझ्या मुलाचं, विजूचं होतं. त्यानं स्वतःच्या अक्षरात 'सुतारकाम' लिहिलं होतं. मी ते खोडलं आणि 'संस्कृत' लिहिलं. मास्तराचा मुलगा रंधा मारतो, हे मला गावाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

सुतारकाम बंद झालं. वरच्या वर्गातली मुलं बुलडाण्याच्या शाळेत गेली. सरांना मोडकी बाकं दुरुस्त करायला ठेवून घेतलं. एका नावानं वर्ग गेला म्हणे, एवढंच ते मला म्हणाले. मी मान हलवली. आपण काय केलं ते सांगायची हिंमत झाली नाही, आणि वर्षभर मी त्यांच्या खोलीकडे फिरकलो नाही.

परीक्षेचे दिवस आले. एका दुपारी समोरच्या हॉटेलातून किटली निघालेली दिसली. मला राहवलं नाही, मागोमाग गेलो. रिकाम्या वर्कशॉपात सर एकटेच स्टुलावर बसले होते, मांडीवर कपबशी.

"कोणाची परीक्षा घेऊन राह्यले, सर?"

"तुमच्या विजूची," सर म्हणाले. "वर्षभर मधल्या सुट्टीत येत होता. नाव लिवलं होतं, म्हणे."

सरांनी आपला चहा घोटाघोटानं संपवला. मग उठले, मला त्याच स्टुलावर बसवलं आणि दुसरा कप काठोकाठ भरून माझ्या मांडीवर ठेवला.

"बारा चहा पेत होतो तवा झोप येत नव्हती," ते म्हणाले. "यंदा एकाच चहानं येनार नाही."

माझ्या बशीत चहा सांडला. सर खाली वाकले. चारही पायांना त्यांनी हात लावून पाहिला. खिशातून पाचर मात्र काढली नाही.

"स्टूल बरोबर हाये, पंडितजी," ते म्हणाले. "चहा घ्या."