गवती पुलाच्या दोन पिळांची बखर

श्रीहरीचें नाम घेवोन आरंभ, आणि कीर्तनीं मांडी घालोन बैसलेल्या सकळ श्रोत्यांचे चरणीं मस्तक. शके तेराशें बावीस, विक्रम नाम संवत्सरीं, सात समुद्रांपलीकडे ज्या खंडास आमचे वडील पाताळ म्हणत, तेथें आभाळास टेकलेल्या डोंगरांत एक सूर्यपूजक राज्य नांदत होतें, त्याचें वर्तमान ऐसें जे: राजे थोर, रयत कष्टाळू, घोडा ठाऊक नाहीं, गाडा ठाऊक नाहीं, तरी कड्यांवरोन रस्ते नेले, आणि ओझें वाहावयास लामा नामें जनावर, मान उंटाची, लोकर मेंढीची आणि मुद्रा रुसलेल्या व्याह्याची. त्या राज्यीं एक खोल दरी होती, आणि तळीं नदी गर्जत होती, आणि दोहों कांठीं दोन गांव, एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. दरी ऐसी कीं हाक पोंचे, टोमणा तर हटकून पोंचे, परंतु पाऊल न पोंचे. म्हणोन दोहों गांवच्या बायका गवताचे दोर वळीत, आणि पुरुष ते गुंफोन पूल टाकीत, आणि वर्षाचे वर्षास जुना पूल तोडोन नदीस अर्पीत आणि नवा बांधीत. पूर्वेच्या बायका उजवा पीळ देत, पश्चिमेच्या डावा, आणि पुलाचे तळाशीं चार जाड दोर, दोन उजव्या पिळाचे, दोन डाव्याचे. ऐसें कां, हें कोणी पुसलें नाहीं. वडिलांची चाल, इतकेंच ठाऊक. आणि राजाज्ञा ऐसी कीं दोहों गांवांत सोयरीक जुळली तर लग्न नव्या पुलाचे दिवशीं सूर्यास्ताआंत लागावें, चुकलें तर पुढील वर्षीं.

त्या वर्षीं पूर्वेच्या उर्पीबाईंची कन्या चास्का आणि पश्चिमेच्या साराबाईंचे चिरंजीव वायरा यांची सोयरीक जाहली. मुलगी गुणाची, मुलगा लाजाळू, दोघांची नजर दरीवरोन तीन वर्षें येत जात होती. सर्व यथास्थित असतां साखरपुड्याचे दिवशीं साराबाई सहज बोलोन गेल्या, "मुलगी छान आहे हो, फक्त पीळ उलटा देते. येऊं दे घरीं, सरळ करूं." मग उर्पीबाईंची मर्जी खप्पा जाहली. त्या म्हणाल्या, "आमचा पीळ सूर्यदेवाच्या चालीचा! उलटा तो तुमचा. माझी लेक तुमच्या दोरावर पाऊल ठेवणार नाहीं." मग साराबाई म्हणाल्या, "नका ठेवूं! उडत या!" आणि मग गांवास गांव भिडलें, आणि पश्चिमेच्या बायकांनीं आपले दोर घरांत कोंडोन घातले. तेव्हां पुलाचे कारभारी अमारूबोवा, सत्तरीचे, विहिणींपुढें कोणाचें चालत नाहीं हें जाणोन, चारी दोर पूर्वेचेच उजव्या पिळाचे घालोन मोकळे जाहले.

लग्नाचा दिवस उगवला. वाद्यें वाजों लागलीं, आणि नवरी पिवळीं फुलें माळोन पूर्वेचे कांठीं उभी, आणि नवरा पश्चिमेचे. पहिलें पाऊल कारभाऱ्याचें हा दस्तूर, म्हणोन अमारूबोवा पूजेचें मडकें घेवोन निघाले. मध्यावर गेले तों चारी दोर एकाच अंगास उलगडों लागले, आणि अवघा पूल झोपेंत कूस वळावी तैसा वळला, आणि मडकें नदीस मिळालें, आणि बोवा दोरांत पाय अडकोन वटवाघळासारखे लोंबों लागले. "अरे, ओढा! वाजंत्री काय वाजवितां!" ऐसी गर्जना जाहली. मग लोकांनीं ओढोन कांठीं आणिले, तेव्हां बोवा धापा टाकीत म्हणाले, "दोन दोर डावे पाहिजेत. डाव्यानें उजव्यास आवरावें, उजव्यानें डाव्यास, तेव्हां पूल सरळ. वडिलांची चाल आतां कळली, उलटा टांगल्यावर!"

परंतु डावे दोर मागावे कोणीं? उर्पीबाई मान फिरवोन उभ्या, पलीकडे साराबाई आभाळ पाहात, आणि सूर्य डोंगराकडे कलत चालला. वायरा आईस म्हणे, "आई, आणखी एक वर्ष?" तेव्हां चास्का नवरीच्या वस्त्रांनिशीं कड्यावर फतकल घालोन बैसली, गवताची पेंढी घेतली, आणि सासरचा डावा पीळ देवों लागली. जन्म उजव्या पिळांत गेला, तो दोर काय वळणार! अगदीं शेळीच्या शेपटासारखा जाहला. साराबाईंनीं क्षणभर पाहिलें, दुसरा क्षण सोसला, तिसरा सोसवेना. मग त्या ओरडल्या, "अगं पोरी, मूठ सैल कर! अंगठा आंत! असा नव्हे गं, इकडे बघ!" आणि स्वतः गवत घेवोन समोर बैसल्या आणि दाखवों लागल्या. मुलगी पाहोन पाहोन तैसें करी, आणि उर्पीबाई दोघींकडे पाहात राहिल्या, आणि त्यांस हांसूं फुटलें.

त्या म्हणाल्या, "अहो विहीणबाई, हा तर माझ्या आईचा हात! तोच अंगठा, तोच झटका, फक्त पाण्यांत पाहिल्यासारखा!"

मग साराबाईंनींही पाहिलें. कोणे एके काळीं कोणी मूळबाई एका कांठीं वळीत असेल आणि समोरचीनें तिजकडे पाहोन शिकली असेल. समोर बैसोन शिकणाऱ्यास गुरूचा उजवा तो आपला डावा. श्रोतेहो, आपल्या भजनाचे बोवांसमोर बैसोन टाळ धरावयास आपण शिकलों, तेव्हां आपलेंही ऐसेंच जाहलें होतें कीं नाहीं? साराबाई डोळे पुसोन म्हणाल्या, "आमचे दोर तयार आहेत हो. राग होता, पण हात थांबतात का कुठें! माझा तर लाल रंगवून ठेवलाय, सुनेच्या पायाखालीं घालायला."

मग एकच गर्दी उसळली, आणि बारीक दोरी फेंकोन तिजला जाड दोर बांधोन ओढिले, आणि दोन उजवे काढोन दोन डावे घातले, आणि सूर्य शिखरास टेकला तों पूल ताठ उभा राहिला. चास्का निघाली, आणि आई मागोन, आणि पलीकडोन साराबाईंस धीर न धरवे म्हणोन त्याही निघाल्या, आणि मध्यावर विहिणींनीं ऐसी मिठी मारिली कीं पूल डोलों लागला. "मिठी कांठावर मारा!" अमारूबोवा ओरडले, परंतु ऐकतो कोण. सूर्य अर्धा बुडाला असतां लग्न लागलें. पंगतीस उकडले बटाटे, रताळीं, भाजले भुईमूग, वर लाल मिरचीची चटणी. श्रोतेहो, हांसूं नका, आपल्या एकादशीचें फराळाचें ताट तें त्यांचें लग्नाचें जेवण! देव कोणाच्या शेतांत कोणाचा उपास पेरितो, तें तोच जाणे.

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. पूल तगला, सोयरीक तगली, आणि कोणाचा पीळ खरा यावर विहिणी पुढेंही भांडत राहिल्या, परंतु पुलाचे मध्यावर बैसोन, पाय खालीं सोडोन, एका पानांतले भुईमूग खात. अमारूबोवांनीं त्यांस उठविणें सोडोन दिलें. इतकें सांगोन टाळ खालीं ठेविला.