राखणदाराचा मफिन

आमच्या शेजारचे गुणाकाका मफिन भाजताना डोक्यावर हेल्मेट घालतात. गुलाबी रंगाचं, बाजूला फुलपाखरू असलेलं. ते त्यांच्या मुलीचं, दीक्षाचं. बंगळूरला नोकरीला जाताना तिने स्कूटर विकली आणि हेल्मेट तेवढं खुंटीला राहिलं. काकांचा ओव्हन स्वयंपाकघरात नाही. तो बाहेर बल्कांवात, म्हणजे पुढच्या दाराशी बसायच्या ओटीवर मांडलेला आहे. फुटलाच तर घर तरी वाचावं हा हिशोब. त्याचं बटण ते बांबूच्या काठीने फिरवतात आणि लगेच अंगणात तुळशीमागे जाऊन उभे राहतात. तुळशीचं वृंदावन सिमेंटचं आहे.

मफिन फुगायला लागला की तुळशीमागून हाक येते, "बाय, फुगता गे! मुखार वचूं नाका!" पुढे येऊ नको, ही हाक मला असते. मी माझ्या घरात भाजी चिरत असते, ओव्हनपासून चांगली लांब, तरी हाक ऐकून सुरी खाली ठेवते. भीती सर्दीसारखी असते, शेजारात राहून लागतेच.

काका कशाला भितात ते सांगण्यापेक्षा कशाला भीत नाहीत ते सांगणं सोपं. ते फक्त मांजराला भीत नाहीत, तेही त्यांच्या स्वतःच्या. विजेला भितात, गॅसला भितात, मिक्सरला भितात. फणसाच्या दिवसांत परसात जातानाही तेच गुलाबी हेल्मेट, कारण फणस कुणाच्या डोक्यावर पडायचा हे आधी सांगत नाही. मोपाचा विमानतळ झाल्यापासून तर त्यांच्या जिवाला स्वस्थता नाही. डोक्यावर विमानाचा आवाज आला की काका घरात पळतात. मी एकदा विचारलं, "काका, विमान पडलं तर तुमची कौलं काय करणार?"

"कौलां कांय करचीं नांत," काका म्हणाले. "पूण पडटना दिसचें तरी ना."

सरकारी बसवर ड्रायव्हर होते ते. पेडणे ते वास्को. वास्कोहून ज्याला रेल्वे पकडायची असेल त्याने गुणाकाकांच्या बसने जायचं नाही, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वळण दिसलं की हॉर्न, उतार दिसला की ब्रेक, समोर गाय दिसली की बस बंद. प्रवासी शिव्या घालायचे. काका आरशात बघून शांतपणे म्हणायचे, "भियेता तो घराक पावता." भितो तो घरी पोचतो. रिटायर होईपर्यंत त्यांच्या बसला साधा ओरखडा नाही. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा काका दचकले होते.

तर असा माणूस मफिनकडे कसा वळला?

काकांची बायको, सुशीलाकाकी, गेली. त्यानंतर दीक्षा पहिल्यांदा घरी आली ती व्हीगन होऊन. म्हणजे काय, ते काकांनी मला कुजबुजत सांगितलं, घरात कुणी ऐकणार असल्यासारखं: मासळीपासून मधापर्यंत सगळं बंद. "नुस्तें ना. अंडीं ना. दूद ना, तूप ना. म्होंव लेगीत ना गे! मधमाशेक त्रास जाता म्हण. मगे ताणें खावचें तरी कितें?"

आता आमच्याकडे नारळाच्या रसातली किती भाज्या-उसळी आहेत! काकी असत्या तर त्यांनी दीक्षाला आठवडाभर जेवू घालून एक पदार्थ दुसऱ्यांदा केला नसता. पण काकांना येतं ते मासळीचं कालवण आणि भात. घाबरून त्यांनी भातालाही मासळीचा वास लागला असेल असं धरलं आणि मुलीसमोर केळ्यांचा घड ठेवला. दीक्षाने दोन दिवस केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी ऑफिसचं काम निघालं म्हणून ती लवकर गेली. जाताना तिने बॅगेतून एक मफिन काढून बापाला दिला. म्हणाली, "बाबा, थंय हें मेळटा. ह्यात दूध-अंडं काही नाही."

काम खरंच निघालं असेल. काकांना ते पटलं नाही. "म्हजें चेडूं फकत केळीं खावन गेलें," ते मुलीबद्दल मला सांगत राहिले. "फुडल्या खेपेक येवचें ना. घर आसा, बापूय आसा, पूण खावंक कांय ना, अशा घरांत कोण कित्याक येतलो?"

सगळ्या भीतींत ही एकच भीती मला खरी वाटली. म्हणून मोबाइलवर मफिनचा व्हिडिओ मीच लावून दिला.

व्हिडिओतली बाई कुठल्याशा परदेशी फळाची पौष्टिक पूड घालत होती. काका म्हणाले, फळाची पूड ना? आपल्या परसात कच्चे फणस लोंबताहेत. आणि फणसाची पूड साखरेला चांगली, पोटाला चांगली, हे त्यांनी तोवर चार ठिकाणी ऐकलं होतं. पण फणस फोडायचा म्हणजे कोयता आला, आणि काका कोयत्याला भितात. डोळे अर्धे मिटून, लांबूनच त्यांनी तो कसाबसा फोडला. चीक पुसायला थांबले नाहीत, आणि उकळत्या पाण्याची भीती म्हणून फोडी उकडल्याही नाहीत. तशाच मच्छरदाणीखाली वाळवून गिरणीतून दळून आणल्या. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी दळण नेलं, त्यांच्या भाकऱ्यांना फणसाचा वास होता.

गूळ, कणीक, नारळाचं दूध, खोबरेल आणि ही पूड. सोडा फसफसतो, तेव्हा तो नखावर मावेल इतकाच.

इथपर्यंतही ठीक होतं. घोटाळा पुढे झाला, आणि तो आमच्याच गावात होऊ शकतो.

आमच्या वाड्याच्या टोकाला व्हाळ आहे, ओढा. तिथे वडाखाली राखणदाराचा दगड आहे. राखणदार गावाची शीव राखतो, काळोख पडला की काठी घेऊन फिरतो, त्याच्या चामड्याच्या पायताणांचा आवाज ऐकलेली माणसं अजून आहेत. त्याला बुधवारी जाडजूड रोट ठेवतात. काकांनी ठरवलं, ओव्हनसारखी भयंकर वस्तू घरी आणली आहे तर राखणदाराला विचारून भाजावं. म्हणून रोटाऐवजी मफिन. आणि देवाला द्यायचं ते आधी चाखायचं नसतं. सबंध घाणा एकाच पिठाचा, तेव्हा सबंध घाणा न चाखलेला. राखणदाराला एक ठेवून बाकीचे ते वाड्यावर वाटायचे. प्रसाद म्हणून.

प्रसादाला नको म्हणता येत नाही. प्रसाद टाकता येत नाही. प्रसादाला नावं ठेवण्याची तर आमच्यापैकी कुणाची छाती नाही, कारण सगळ्यांना त्याच व्हाळावरून जावं लागतं.

तो मफिन मी कसा वर्णन करू? आधी तो फुटत नाही. मग तोंडात गेला की सुटत नाही. फणसाचा चीक तुमच्या वरच्या आणि खालच्या दातांची अशी गाठ मारतो की काका दारात उभे राहून मोठ्या आशेने "कसो जालो?" विचारतात तेव्हा तुम्हाला फक्त मान हलवता येते. काका ती मान होकाराची धरतात. माझ्या सासूबाईंची कवळी एका बुधवारी मफिनमध्येच राहिली. त्यांनी मफिनला नमस्कार केला आणि मग कवळी उपटून काढली. स्वतः काका चिमूटभर प्रसाद घेऊन कपाळाला लावायचे आणि डॉक्टरची गोळी घ्यावी तसा पाण्याबरोबर गिळायचे. एक वर्ष हे चाललं. बुधवार आला की वाड्यावर दारं लोटलेली दिसायला लागली.

आणि मग एका बुधवारी प्रसादाबरोबर बातमी आली. रविवारी सकाळच्या विमानाने दीक्षा येतेय. काकांचा चेहरा आनंदाने आणि विमानाच्या भीतीने एकाच वेळी उजळला आणि काळवंडला.

"तिच्यासाठी आता केळी नाहीत," ते म्हणाले. "म्हजो मफिन आसा."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण नजर स्पष्ट होती: सांग त्याला.

मला धडकी भरली. हे सांगायचं म्हणजे वर्षभर सगळ्यांनी मान डोलावली ती खोटी होती, हे सांगायचं. आणि न सांगावं तर पोरगी एक घास घेऊन पाण्याकडे धावणार, आणि काका त्या घासाकडे बघत उभे असणार. मी गेले. काका भांडी विसळत होते.

"काका, दीक्षासाठी कराल तो प्रसादाचा करू नका. साधा करा, आणि आधी चाखून बघा."

"चाखून? राखणदाराचो मान आसा गे बाय."

"हा उरलेला आहे ना, तो खा. गिळू नका. चावा."

माझा आवाज कापत होता, म्हणून बहुधा त्यांनी ऐकलं. घास घेतला. चावला. मग चावायचे थांबले, कारण पुढे चावता येईना. मला बोलायचा धीर नव्हता आणि त्यांना तोंड उघडत नव्हतं. शेवटी बोटाने दात मोकळे करून ते म्हणाले, "हें तुमी वर्सभर खालें?"

"प्रसाद होता, काका."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रडतील असंही वाटलं होतं. ते पांढरेफटक पडले आणि खाली बसले.

"म्हणजे राखणदारान लेगीत वर्सभर हेंच खालें?"

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. आला तेव्हा मीही त्यांच्याशेजारी खाली बसले. काका बसल्या जागी एकेक गोष्ट जुळवायला लागले. मिक्सर जळला तो त्यामुळे. पायरीवरून घसरले ते त्यामुळे. आणि आता पोरगी विमानात बसणार, आकाशात, आणि खाली गावाचा राखणदार दात चिकटलेल्या अवस्थेत रागावून बसलेला. "तिका फोन करतां. येवं नाका म्हण सांगतां," असं म्हणत ते मोबाइल शोधायला लागले. मोबाइल सापडला तसा मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"काका, तुम्हीच तिला येऊ नको म्हणालात तर ती पुन्हा कधी येईल?"

त्यांनी मोबाइल परत मागितला नाही. मग म्हणाले, "फणस चुकलो, न्हय?"

त्या तीन-चार दिवसांत आमचा वाडा मफिनच्या कामाला लागला. सासूबाईंनी नवा कच्चा फणस फोडला, चीक पुसला, फोडी उकडून कडक उन्हात घातल्या. शनिवारी दुपारी पूड झाली. सोडा मी घातला, काका तुळशीमागे होते. संध्याकाळी पहिला घाणा निघाला, काकांनी एक मफिन मोडला, फुंकून तोंडात घातला आणि लगेच तोंड उघडून दाखवलं. दात सुटे होते. सासूबाई हसल्या तेव्हा मलाही हसू आलं.

काका हसले नाहीत. त्यांनी एक मफिन केळीच्या पानावर घेतला, पणती घेतली आणि हेल्मेट काढून खुंटीला लावलं. म्हणाले, "हांव येतां," आणि व्हाळाकडे चालू लागले.

काडेपेटी मात्र ओटीवरच राहिली. दिवस कलत होता. त्या वाटेने त्या वेळी जायला मला नको वाटतं, पण पणती तशीच राहिली तर काकांची रात्र नीट जाणार नव्हती. मी निघाले. पायाखालचा पाचोळा वाजला तरी मी मागे वळून बघत होते. वड दिसायला लागला आणि मी जागीच थांबले. तिथे दोन आवाज होते. एक काकांचा, दुसरा बारीक, त्यांना उत्तर देणारा. राखणदार बोलतोय असं वाटून मी काडेपेटी घट्ट धरली. ओरडावं की पळावं, दोन्ही जमेना.

मग शब्द कानावर आले.

"बा राखणदारा म्हाराजा, वर्सभर तुका डीक भरयलो, ती म्हजी चूक पोटांत घाल. हो मफिन चाखून हाडला, रागार जावं नाका."

आणि बारीक आवाजात, "व्हय म्हाराजा."

काका गाऱ्हाणं घालत होते. आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्याने होत नाही. एकाने मागायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, तेव्हा ते देवाला पोचतं. पूर्वी मागे उभ्या राहून सुशीलाकाकी म्हणायच्या. दुसरा तो बारीक आवाजही काकांचाच होता. दर बुधवारी ते इथे एकटे येत होते, आणि आम्ही दारं लोटून घरात बसत होतो.

"फाल्यां म्हजें चेडूं विमानान येता. तुजी शीम व्हाळाकडेन सोंपता, हें माका खबर आसा. पूण विमान आमच्याच सड्यार देंवता. तितले मेरेन तरी वचून राव." विमान उतरतं त्या मोपाच्या पठारापर्यंत तरी जाऊन उभा राहा, असं मागणं.

"व्हय म्हाराजा."

"ताच्या पोटांत दोन घांस वचूं दी. ताका परत परत येवं दी."

"व्हय म्हाराजा."

"आनी एक. म्हजें भंय ताका दिवं नाका. तें भियेना, म्हणूनच इतलें पयस पावलां." माझी भीती तिला देऊ नको; ती भीत नाही, म्हणूनच इतकी लांब पोचली.

यावर बारीक आवाज आला नाही. काकांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हात जोडलेले, पणती न पेटवलेलीच, आणि गाऱ्हाणं मध्येच अडकलेलं.

"व्हय म्हाराजा," मी मागून म्हणाले.

गुणाकाका दचकले नाहीत. वळलेही नाहीत. त्यांनी पुढचं मागणं मागितलं आणि थांबले. काकी गेल्यापासून पहिल्यांदाच, दुसऱ्या कुणीतरी म्हणावं म्हणून ते थांबले.