भर दुपारी नदी आणविली ती हकीकत

श्रीजलदेवता सर्वांस पान्हा देवो. शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी वर्तमान झाले ते ऐसे. एका राज्यात एक नदी मावळतीच्या डोंगरी जन्मली, आणि ती रांगू लागते न लागते तोच राजे यांनी तिजवर चार धरणे घातली, आणि धरणांखाली विजेची चक्रे बसविली, आणि तीस म्हणाले, "धावू नको. बोलावू तेव्हा ये." मग राजधानीत विजेची मागणी वाढे तेव्हा दारे उघडत आणि नदी चक्रे फिरवून खाली येई, एरवी चौथ्या धरणाखाली भोईवाडीपाशी नुसता गाळ. पाय टाकावा तो रुते, नाव टाकावी ती बसे. यास्तव वाडीचा रिवाजच पडला की, राजधानी स्वयंपाकास लागली म्हणजे आपण बाजारास निघावे.

ऐसे असता भर दुपारी चंपूबाई यांस कळा सुरू जाहल्या, आणि दवाखाना पैलतीरी. नावाडी धोंडजी यांनी गाळ पाहून मान हलविली. चंपूबाईंच्या सासूबाई कृष्णाक्का कडाडल्या, "मान काय हलवतोस मुडद्या, नाव हलव!" धोंडजी म्हणाले, "पाणी नको का, आक्का? राजधानी जेवून झोपलीय." "मग उठवा तिला!" आणि आक्कांनी मोबाइल उचलून राजधानीवासी लेक मंजुळाबाई यांस आज्ञा केली, "तुझ्या सोसायटीत जे जे फिरतं, तापतं, घरघरतं, ते सगळं लाव. वहिनी अडलीय." मग मंजुळाबाईंनी शेजारणींस आणि शेजारणींनी आपल्या बहिणींस कळविले, आणि गीझर तापले, रिकामे मिक्सर गर्जले, धुतलेले कपडे पुन्हा धुतले गेले. वीजखात्याचे सरदार दचकले, शत्रू आला की सण आला कळेना, आणि घाबरून चौथ्या धरणाचे दार उघडिले. भोंगा वाजला, नदीबाई लगबगीने आल्या, नाव उचलली गेली, आणि चंपूबाई राजे यांच्या सात पिढ्या उद्धरीत, धोंडजीचा दंड ओरबाडीत पैलतीरी पोहोचल्या आणि कन्या प्रसवल्या. जीव मूठभर, जावळ मात्र दाट. प्याली आणि निजली, ओठ निजेतही चोखीत होते. तिकडे राजे प्रधानांस वदले, "पाहा, प्रजा किती सुखी! भर दुपारी चटण्या वाटते." मग मंजुळाबाईंनी फोनवर पुसिले, "वहिनी, अजून चालू ठेवू का गं?" चंपूबाई कुजबुजल्या, "बंद कर बाई ते मिक्सर. पोर निजलीय."

मग राजधानी गप्प जाहली, दार मिटले, नदी ओसरली. एवंच, नदी राजे यांची म्हणतात; ते दिवशी कृष्णाक्कांची होती. मायलेकी सुखरूप.