आदगोंडा पाटलांची सातारा-परीक्षा

खाण्यातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी सांगलीच्या आदगोंडा पाटलांची पक्की समजूत होती. ट्रॅक्टरच्या कामासाठी ते बायकोला, आक्काताईंना, घेऊन साताऱ्याला आले आणि काम दुपारीच उरकलं. मग त्यांनी जाहीर केलं की आता सातारा पायी हिंडायचा, सगळ्यात चांगलं हॉटेल हुडकायचं आणि तिथंच जेवायचं! भूक राखायची म्हणून त्यांनी दुपारचं जेवणही रद्द केलं. घराणं जैन. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही, हा दोघांचाही नेम. म्हणजे दिवस मावळायच्या आत पोटात काही गेलं नाही, तर सकाळपर्यंत कडक उपास. पण पाटलांना घाई आवडत नसे.

पोवई नाक्यावर त्यांनी इडलीकडं लांबूनच पाहून नाक मुरडलं. बसायचं सोडून ते तडक गल्ल्यावर गेले आणि पीठ कसं आंबवतात हे मालकाला समजावून सांगितलं. असली इडली आमच्याकडं म्हशीलाही घालत नाहीत, असं वर ऐकवलं. राजपथावर डोशाची अब्रू गेली, मोती चौकात थालीपिठाची. राजवाड्याजवळ तर त्यांनी पिढीजात पेढेवाल्याला खवा भाजायला शिकवलं! एवढं सगळं एकही घास न चाखता, बरं का. पाटलांचं व्याख्यान संपेपर्यंत आक्काताई बिचाऱ्या मागं बाकावर बसून राहायच्या.

शेवटी पाय भरून आले, पोटात कावळे कोकलायला लागले, तेव्हा कुठं एक खाणावळ साहेबांच्या पसंतीला उतरली. भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर ताक. आक्काताई नको म्हणाल्या, ते त्यांनी ऐकलंही नाही. पाटलांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि सूर्य यवतेश्वरच्या डोंगराआड गेला. सांगलीच्या सपाटीवर तो उसाला टेकेपर्यंत दिसतो, पाटलांनी त्याच अंदाजानं दिवस धरला होता. मध्ये डोंगर येईल हे खाण्याच्या एवढ्या मोठ्या जाणकाराला सुचलंच नाही.

“आवं, दिवस बुडाला,” आक्काताई म्हणाल्या.

“बुडाला न्हाई. डोंगराच्या पल्याड हाय अजून.”

आक्काताईंनी शांतपणे सुनेची, दीपालीची आठवण काढली. ती एकदा कुपवाडच्या कारखान्यातून दमून आली होती. बाहेर चांगला उजेड असतानाही, सूर्य दिसत नाही म्हणून सासऱ्यानं तिला भरल्या ताटावरून उठवलं होतं.

“खावा की मग तुमी. दीपालीला मी सांगते घरी गेल्यावर.”

तेवढ्यात मालकानं दिवा लावला. पाटलांनी ताट बाजूला सारलं. सुनेसमोर नाक कापून घेण्यापेक्षा उपास परवडला!

कराडच्या पुढं एसटी जेवणासाठी थांबली. सगळी गाडी खाली उतरली आणि हॉटेलातल्या फोडणीचा वास खिडकीतून थेट पाटलांच्या नाकात शिरला. त्यांना रडू यायचं बाकी होतं. बायकोही उपाशी आहे, एवढाच काय तो आधार.

“लय भूक लागली असंल न्हवं तुला?”

“न्हाई. तुमी मालकास्नी शिकवत हुता, तवा मी खात हुते.”

गाडीत कुणी नाही याची खात्री करून पाटलांनी हळूच विचारलं, “कुठलं बरं हुतं गं?”

“सगळंच.”