वीस व्होल्टचं दार

आमच्या घरात सुतार पाऊल टाकत नाही. कशाला टाकेल? मी आहे ना! शिवाय बॅटरीवर चालणारी दोन यंत्रं आहेत माझ्याकडे: बारा व्होल्टचं ड्रिल आणि झुडपं कापायची वीस व्होल्टची कात्री!

मागच्या खेपेला सासूबाई आमच्या बाथरूममध्ये अडकल्या. दार फुगलेलं. म्हणून या वेळी त्यांनी फोनवर ठणकावलं, "दार बदललं असेल तरच तुमच्याकडे येते. नाहीतर धाकटीकडे उतरते."

धाकटीकडे म्हणजे माझ्या साडूकडे! ज्याला साधा बल्ब बदलता येत नाही!

"बिनधास्त या," मी म्हणालो. "जावयाच्या हातचं नवं दार बघाल!"

त्या यायच्या दिवशीच जुनं दार काढलं, नवं भिंतीला टेकवून त्याला बिजागरी लावायला घेतली. पहिला स्क्रू अर्धा गेला आणि ड्रिलने मान टाकली. चार्जर सापडेना.

मग माझं डोकं चाललं! कात्रीची बॅटरी आहे की! बारावर चालणारं ड्रिल विसावर पळेल, साधा हिशोब. फक्त ती बसेना. प्लास्टिकचा एक दात आडवा येत होता. कानशीने घासून टाकला, वर हातोडीची एक थाप. बसली!

"अहो, तो दात उगाच दिला असेल का?" बायको म्हणाली.

"कंपनीवाल्यांना काय कळतंय!"

मी बटण दाबलं. ड्रिल असं किंचाळलं की बायकोच्या हातातला डबा पडला! स्क्रूचं डोकं गुळगुळीत. बटण सोडलं तरी ड्रिल थांबेना, बॅटरी ओढली तर निघेना. घाबरून मी ते टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलं. इतक्यात बेल वाजली.

सासूबाई आत आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगबाई! कुणाचं बाळ हे? किती रडतंय!"

बाळाने धूर सोडला आणि कायमचं गप्प झालं.

"प्रवासाने अंग चिकट झालंय, आधी आंघोळ करते," म्हणत त्या बाथरूमकडे वळल्या. बघतात तर चौकट मोकळी, दार भिंतीला टेकलेलं!

"धाकटीला फोन लाव गं," त्या लेकीला म्हणाल्या.

"थांबा!" मी ओरडलो. "तुम्ही आत व्हा!"

दार उचलून चौकटीत उभं केलं, बाहेरून पाठ लावली आणि पाय रोवले. आत पाण्याचा आवाज सुरू झाला.

"जावईबापू, केसही धुऊ का?"

"धुवा की! निवांत धुवा!"

पोटऱ्या थरथरत होत्या, पण छाती अभिमानाने फुगली होती. साडूने धरलं असतं का असं? दोन मिनिटांत दारासकट आत पडला असता!

केस पुसत सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी खरंच धाकटीला फोन लावला. मी दार भिंतीला टेकवून कान दिला.

"नाही गं, मी इथेच राहते," त्या म्हणाल्या. "दार एकदम घट्ट आहे. फक्त बिजागरीच्या जागी जावई लावलाय!"